तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मॅडम, तुम्ही काहीच का देत नाही?’

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारी बहुतेक वेळा सासू असते, कधी आई, आणि अलीकडे पुण्याहून फोनवर असलेला नवरा. गेल्या महिन्यात एका आजींनी तो जरा जास्तच नेमका विचारला. सुनेला सातवा आठवडा, दोन दिवस अंगावरून थोडंथोडं रक्त जात होतं. सोनोग्राफीत ठोके दिसले. मी म्हटलं, “आत्ता ठीक आहे. दहा दिवसांनी परत बघू.” फॉलिक ॲसिड चालू ठेवायला सांगितलं. आजी खुर्चीवरून हलल्याच नाहीत.

“आन् इंजेक्शन?”

“नको.”

“बेडरेस?”

“नको.”

“मॅडम, तुमास्नी द्याय येत न्हाई, का द्यायचंच न्हाई?”

बाहेर तीसेक जणी खोळंबल्या होत्या, त्यामुळे तिथं धड उत्तर देता आलं नाही. ते इथं देते.

मला द्यायला येतं. १९९८ साली गडहिंग्लजच्या बाजूला दवाखाना टाकला, तेव्हापासून पुढची दहा-बारा वर्षं मी सगळं देत होते. अंगावर जातंय म्हणून बाई आली की आठवड्याला प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन, सोबत दुसरं एक हॉर्मोनचं, पिशवी सैल ठेवायच्या गोळ्या आणि खाटेच्या पायथ्याला दोन-दोन विटा. संडासलासुद्धा उठायचं नाही. बहुतेक जणींचं टिकायचं. ‘मॅडमच्या हाताला गुण आहे’ असं आजूबाजूच्या गावांत झालं. मलाही ते खरं वाटत होतं. कुणाला वाटणार नाही?

गोम अशी, की एकदा ठोके दिसले की थोडंफार अंगावर गेलं तरी बहुतेक गर्भ आपसूक टिकतात. आणि सुरुवातीलाच जे जातात, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांतच चूक असते. ती चूक विटांनी सुधारत नाही. म्हणजे मी इंजेक्शन द्यावं, अंगारा लावावा किंवा नुसतं कॅलेंडर बघत बसावं, दहातल्या बऱ्याच जणी पेढे घेऊन येणारच होत्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, त्यातला कावळा मी होते.

मला जाग आली ती एका अंगणवाडी मदतनिसामुळे. दोनदा खाली झालेलं, तिसऱ्या खेपेला मी तिला बारा आठवडे अंथरुणात ठेवायचं ठरवलं. दहाव्या आठवड्यात तिची डावी पोटरी सुजून दगडासारखी झाली. शिरेत रक्ताची गुठळी. गरोदरपणात रक्त तसंही गोठायला टपलेलं असतं, त्यात मी तिला पाय हलवू देत नव्हते. कोल्हापूरला पाठवली, वाचली, पुढे बाळही नीट झालं. मानधन बुडालं ते वेगळंच. घरच्यांनी मला साडी-चोळी केली. ती साडी मी आजवर नेसलेली नाही.

त्यानंतर वाचायला बसले. बेडरेस्टवर जे काही नीट अभ्यास झालेत, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा बायका दोन गटांत वाटून, एकीला झोपवून आणि एकीला फिरू देऊन, ते एकत्र मांडले तर झोपवल्याने गर्भ टिकतो असं निघत नाही. चिठ्ठ्या टाकण्याचं महत्त्व मला पदवी घेताना कुणी असं समजावलं नव्हतं. डॉक्टरच्या मनावर सोडलं तर तो बऱ्या दिसणाऱ्या बाईला एक औषध देतो, अवघड दिसणारीला दुसरं, आणि मग निकालावरून औषधाला शाबासकी देतो. चिठ्ठीला कुणाचा चेहरा दिसत नाही.

“निदान अपाय तर नाही ना, मग द्या की,” हे पुढचं वाक्य ठरलेलं असतं. त्यावर मी डाय-इथाइल-स्टिलबेस्ट्रॉलची गोष्ट सांगते, वेळ असेल तर. गर्भ टिकावा म्हणून अमेरिकेत १९४० च्या दशकापासून हे हॉर्मोन सर्रास दिलं जाई. १९५३ साली शिकागोत त्याची नीट परीक्षा झाली आणि ते काहीच उपयोगाचं नाही असं दिसलं. तरी देणं थांबलं नाही; द्यायची सवय झाली होती, घ्यायचीही. मग १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी योनीच्या एका दुर्मिळ कॅन्सरच्या आठ तरुण मुलींबद्दल लिहिलं. आठांतल्या सात जणींच्या आयांनी त्या खेपेला हेच औषध घेतलं होतं. आईला दिलेल्या गोळीचा हिशेब लेकीच्या अंगावर, तोही पंधरा-वीस वर्षांनी. मधली अठरा वर्षं ‘अपाय तर नाही ना’ म्हणण्यात गेली.

याचा अर्थ मी प्रोजेस्टेरॉन देतच नाही असा नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर जाणाऱ्या ४,१५३ बायका. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. औषधवाल्या शंभरांत ७५ जणींना जिवंत बाळ झालं, खोटी गोळीवाल्या शंभरांत ७२. एवढा फरक नशिबानेही पडू शकतो. पण ज्यांचा गर्भ आधी तीन किंवा जास्त वेळा गेला होता, त्यांच्यात आकडे होते ७२ आणि ५७. हा फरक सोडून देण्याजोगा नाही. म्हणून आधी गर्भ गेलेली बाई अंगावर जातंय म्हणून आली, तर मी प्रोजेस्टेरॉन लिहिते. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही २०२१ पासून तेच सांगतात. आजींच्या सुनेची ही पहिलीच खेप होती.

पिशवीला टाका घाला, हाही हट्ट असतो. इथं मला जरा अभिमानही आहे. हा टाका जगाला दिला तो मूळच्या गोव्याच्या, मुंबईत काम केलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी, १९५५ साली. आजही तो जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्यांनी तो घातला होता चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ गमावणाऱ्या, पिशवीचं तोंड सैल पडणाऱ्या बायकांना. नंतर आमच्यातल्या अनेकांनी तो ‘कशाला धोका’ म्हणून कुणालाही घालायला सुरुवात केली. टाका घालावा की नाही अशी शंका असलेल्या १,२९२ बायकांवरचा अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. हिशेब असा निघाला, की पंचवीसेक जणींना टाका घालावा तेव्हा एकीचं फार लवकरचं बाळंतपण टळतं, आणि खरा फायदा दिसतो तो तीन किंवा जास्त वेळा असं झालेल्यांना. उरलेल्या चोवीस जणींना भूल, ताप, रजा आणि बिल.

आता दुसरी बाजू. ‘काहीच देत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी मला रात्री दोन वाजता बघितलेलं नसतं.

मी सरकारी रुग्णालयात शिकत असताना झटके येणाऱ्या बाळंतिणींना आम्ही तीन औषधांचं एक मिश्रण द्यायचो. मद्रासच्या डॉ. कृष्ण मेननांची ती पद्धत, त्यांच्या काळात तिने कितीतरी बायका वाचवल्या होत्या. पण बाई दिवसदिवस गुंगीत पडून राहायची आणि झटका परत यायचाच. १९९५ मध्ये, मी रेसिडेन्सीच्या मध्यावर असताना, १,६८७ बायकांवरचा अभ्यास आला. त्यात भारतातल्याही बायका होत्या. मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपाम या गुंगीच्या औषधाच्या मानाने निम्म्यावर, फेनिटोइन या झटक्यांवरच्या औषधाच्या मानाने एक तृतीयांशावर. हे काही महागडं नवं औषध नव्हे. रसायनाच्या दुकानात एप्सम सॉल्ट म्हणून मिळतं तेच, फक्त निर्जंतुक. आमचे सर जुन्या वळणाचे, पण तो पेपर वाचून त्यांनी वॉर्डातली पद्धत बदलली. चार ग्रॅम शिरेतून, पाच-पाच दोन्ही कुल्ल्यांत खोल. फार दुखतं. मग मात्रा जास्त झाली नाही ना म्हणून गुडघ्यावर हातोडी मारून बघायचं, लघवी मोजायची, श्वास मोजायचे. ते इंजेक्शन आजही माझ्या लेबर रूमच्या पहिल्या कप्प्यात असतं, आणि ते देताना मी कुणाची परवानगी विचारत बसत नाही.

तसंच बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं. आमच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत १,६२० बायकांवर अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला. नर्सबाईंनी बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. त्यासाठी त्यांनी बाईच्या खाली आकडे छापलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं. मी तोवर दहा-बारा वर्षं नजरेने अंदाज करत होते, तोही कायम कमीच.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं असेल तर स्टेरॉइडच्या इंजेक्शनने. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या तर आईला ते दिलं की बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी हे दाखवलं. पुढची वीसेक वर्षं एकामागून एक छोटे अभ्यास होत राहिले, पण कुणी ते एकत्र मांडले नाहीत, म्हणून डॉक्टर चालढकल करत राहिले आणि बाळं जात राहिली. असे अभ्यास एकत्र मांडणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात त्याच अभ्यासांच्या आडव्या रेघा आहेत. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे, त्या आर्ची कॉक्रेननी १९७९ मध्ये पुराव्याच्या बाबतीत वैद्यकातल्या सगळ्या शाखांत आमच्या शाखेला शेवटचा नंबर दिला होता. लागलं, पण चूक नव्हतं.

मग आम्हाला वाटलं, एवढं चांगलं औषध आहे तर खेडोपाडी पोचवू या. सहा देशांत तसं करून बघितलं. भारतात बेळगाव आणि नागपूर. २०१५ मध्ये निकाल आला. अगदी लहान बाळांना फायदा दिसला नाही, आणि एकूण बाळांत मृत्यू वाढले, आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंका वाढली. औषध मिळालेल्या बऱ्याच जणींना मुळात त्याची गरजच नव्हती. दिवसांचा नेमका हिशेब नव्हता, लहान बाळाला सांभाळायची सोय नव्हती. पाच वर्षांनी, २०२० मध्ये, बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया, पाकिस्तान इथल्या २९ रुग्णालयांत २,८५२ बायकांवर पुन्हा परीक्षा झाली. या वेळी सोनोग्राफीने दिवस ठरवलेले, बाळाची सोय असलेली. नवजात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. फायदा इतका स्पष्ट की अभ्यास मुदतीआधी थांबवला. औषध जवळपास तेच, कुणाला आणि कुठं दिलं एवढाच फरक. म्हणून कुणी ‘हे चांगलं की वाईट’ विचारलं की मी आधी विचारते, कितवा आठवडा आणि कुठल्या दवाखान्यात?

अडचण शास्त्राची नाहीच. इंजेक्शन दिलं आणि गर्भ गेला, तर ‘डॉक्टरनी सगळं केलं, नशिबात नव्हतं’. दिलं नाही आणि गेला, तर ‘बाईनं काही केलं नाही’. हे मी ऐकलंय, दवाखान्याच्या दारात, वीस माणसं जमलेली असताना. त्या आठवड्यात मी तीन जणींना प्रोजेस्टेरॉन लिहिलं, तिघींनाही गरज नव्हती. अजूनही कधी नवरा मुंबईहून रात्रभर गाडीने आलेला असतो, डोळे तांबारलेले, आणि ‘काहीतरी द्या’ म्हणतो. दर वेळी माझ्याने नाही म्हणवतंच असं नाही. तेव्हा मी गोळी लिहिते, आणि हे बाळासाठी नाही, तुमच्यासाठी आहे, हे त्याला सांगत नाही.

बाकीच्या वेळी मी आता कागदावर लिहून देते: तासाला एक पॅड पूर्ण भिजलं, पोटात सारखी कळ आली, चक्कर आली, तर रात्र असो की पहाट, या नंबरवर फोन. घरातली कामं करा, जड कळशी नको, झोपून राहू नका. हे लिहायला इंजेक्शन देण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्याचं बिल होत नाही.

आजी सुनेला घेऊन दहाव्या दिवशी आल्या. ठोके छान होते, बाळ वाढलं होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग कमरेचा बटवा सोडून कागदात गुंडाळलेली एक रिकामी बाटली टेबलावर ठेवली.

“दोनदा मारून घेतलं गावात. तुम्हाला सांगाय नको म्हनत हुती ही.”

सुनेने मान खाली घातली. मी चष्मा लावून बाटलीवरचं नाव वाचलं आणि तारखांसकट केसपेपरवर लिहून ठेवलं.