विहिरीच्या तळातून १०२४ हर्ट्झ

जमिनीखाली अडकलेल्याची जागा आणि खोली वरून ओळखता यावी म्हणून मी एक ट्रान्समीटर बनवतेय: तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे लूपमधून, तो चुंबकीय बीप पाठवतो आणि वर रिसीव्हर ती ऐकतो. मागच्या नोंदीत मी या बीपच्या २०४८ हर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर अडकले होते. नौपाड्यातल्या घरी टेबलावर बीप स्वच्छ यायची. रिसीव्हर गच्चीवर नेला की तिच्यावर घरघर चढायची, आणि तीही एकसारखी नाही. दहा मिनिटं पत्ता नसायचा, मग अचानक येऊन बीप गिळून टाकायची. दोन आठवडे प्रीअँपवर (रिसीव्हरमधला सिग्नल मोठा करणारा भाग) संशय घेतला, आयसी बदलले, शिल्डिंग केलं. फरक शून्य.

शेवटी एका रात्री स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे त्याचा आलेख) लावून नुसती बघत बसले, तेव्हा उलगडा झाला. माझ्या रेषेच्या अगदी शेजारी दुसरी रेषा होती आणि ती हळूहळू सरकत होती. विजेच्या ५० हर्ट्झचा ४१वा हार्मोनिक, म्हणजे ४१ पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, २०५० वर येतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी काही ५० वर खिळलेली नसते, किंचित खाली-वर होत राहते. ती ४९.९५ वर आली की एकेचाळीस पट म्हणजे २०४७.९५. थेट माझ्या बीपच्या डोक्यावर.

उपाय ट्रान्समीटरमधल्या चिपवरच निघाला. घड्याळाचा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल सीडी४०६० या फ्रिक्वेन्सी निम्मी-निम्मी करत जाणाऱ्या चिपला जोडला आहे. त्याच्या पिन ७ वर २०४८ मिळतात आणि पिन ५ वर १०२४. हे १०२४ म्हणजे १००० आणि १०५० या दोन हार्मोनिकच्या जवळपास मधोमध. ग्रिड कितीही डुलली तरी तिथवर पोचत नाही. एक वायर काढून शेजारी डकवली, एवढंच काम. लूप त्या फ्रिक्वेन्सीला जुळवायला कपॅसिटर लागतो; फ्रिक्वेन्सी निम्मी झाली म्हणजे तो चौपट लागणार, म्हणून १ मायक्रोफॅरडच्या जागी पंख्याचा ४ मायक्रोफॅरडचा बसवला. पंख्याचे कपॅसिटर या कामाला उत्तम: एसीसाठीच बनवलेले, ४४० व्होल्टचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे. लूप तीच आहे, एक मीटर व्यासाची, २० गेजच्या तारेचे ५० वेढे. रोध चार ओहमच्या आसपास भरतो, त्यामुळे साधा ऑडिओ अँप्लिफायर तिला स्पीकर समजून चालवतो.

नव्याने आलेल्यांसाठी: इतकी खालची फ्रिक्वेन्सी कातळासाठी लागते. ओलसर, झिजलेल्या बेसॉल्टची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर गुहांमधल्या रेडिओच्या ८७ किलोहर्ट्झला लहर साधारण १७ मीटरमध्ये ३७ टक्क्यांवर येते. १०२४ हर्ट्झला तेवढं व्हायला दीडशे मीटरच्या वर जावं लागतं. आपल्या १४५ मेगाहर्ट्झच्या हँडीची (हॅम रेडिओचा हातातला संच) लहर मात्र काही मीटरमध्येच विरते. तरीही ८७ किलोहर्ट्झ टाकाऊ नाही, कारण त्यावर बोलता येतं. जॉन हे यांनी गुहांसाठी बनवलेला हेफोन त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेतल्या सुटकेसाठी ते संच ब्रिटनहून नेले होते. माझी बीप काही बोलत नाही. ती फक्त सांगते, ‘मी इथे आहे, इतक्या खोल आहे.’ उत्तराखंडातल्या सिलक्याराच्या बोगद्यात ४१ माणसं १७ दिवस अडकली होती, तेव्हापासून हे काम मी सोडलेलं नाही. आता आमच्या ठाण्याजवळच्या येऊरच्याच डोंगराखालून ठाणे-बोरिवली बोगदा जातोय.

तर येऊर. मैत्रिणीच्या मामांच्या वाडीत जुनी दगडी विहीर आहे, मे महिन्यात ठणठणीत कोरडी. वरचा थोडा मुरूम सोडला तर खाली सगळा काळा कातळ. कोरड्या विहिरीत कोणी उतरायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, तळाशी हवा खराब असू शकते. लूपला तीन सारख्या लांबीच्या दोऱ्या बांधल्या, मधे बॅटरी आणि अँप्लिफायरचा डबा टांगला, वरच पाणसळ लावून पाहिली आणि तराजूच्या पारड्यासारखी ती सावकाश खाली सोडली.

मामा बांधावरून बघत होते. “काय गं पोरी, झरा शोधतेयस का?”

“नाही मामा. खाली ठेवलेली वस्तू किती खोल आहे, ते वरून ओळखता येतं का बघतेय.”

“दोरी मोजली की कळेल की!”

“दोरी शेवटी मोजायची. तोवर मला सांगू नका.”

रिसीव्हरची लूप उभी धरून गोल फिरवली की एका दिशेला आवाज मरतो. वाडीत दोन ठिकाणी उभं राहून त्या दिशेच्या रेषा काढल्या, दोन्ही विहिरीच्या तोंडावर मिळाल्या. खरी कसोटी खोलीची. रिसीव्हरची लूप जमिनीवर आडवी ठेवून विहिरीपासून लांब सरकवत न्यायची. एका अंतरावर खालून येणारं चुंबकीय क्षेत्र पूर्ण आडवं होतं, लूपमधून काहीच जात नाही आणि बीप विझते. विहिरीच्या मध्यापासूनचं ते अंतर खोलीच्या १.४१ पट असतं.

हेडफोनवर ते ऐकणं विलक्षण आहे. टूं… टूं… बारीक होत जातं, मग फक्त पानांची सळसळ, आणि लूप हातभर पुढे सरकवली की पुन्हा टूं. चार दिशांना हे केलं. तीन दिशांना १४.३, १४.६ आणि १४.९ मीटर आले. चौथीकडे पंपाचा जुना लोखंडी पाइप जमिनीत गेलेला आहे, तिथे आवाज कुठेच नीट मरेना, म्हणून ते माप सोडून दिलं. लोखंड जवळ असेल तर या पद्धतीवर विसंबू नका.

सरासरी १४.६, म्हणजे खोली १०.३ मीटर. वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि मग मामांना दोरी मोजायला सांगितली. त्यांनी ती अंगणात ताणून धरली आणि मी टेप लावला: साडेदहा मीटर. फरक एका वितीचा.

मामांनी वही मागून घेतली, आकडे वाचले आणि म्हणाले, “पावसात परत ये. पाणी भरल्यावर काय होतं ते बघू.”

जुलैत जाणार आहे. डबा वॉटरप्रूफ करायचाय. अर्धा अँपिअर करंट आणि सात अँपिअर-अवरची बॅटरी आत ठेवून कोणी काही सीलबंद केलं असेल, तर गॅस्केट कसली वापरली ते जरूर कळवा.