शरणपूर रोडवरून मोंबासाकडे

सकाळी रामकुंडावर जाऊन आले आणि दुपार मुद्दाम शरणपूर रोडसाठी राखून ठेवली. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून रिक्षा केली की थोड्याच वेळात कॅनडा कॉर्नर येतो. दुकानं, क्लासेस, दवाखाने, सिग्नलला खोळंबलेल्या गाड्या. या भागात दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतली मुलं राहायची, असं रिक्षावाल्या काकांना सांगितलं, तर त्यांनी मागे वळून विचारलं, "आपल्या नाशकात?"

हो, नाशकातच. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूर वसवलं. पूर्व आफ्रिकेत तेव्हा लढाया आणि गुलामांचा व्यापार एकमेकांत गुंतले होते. गावं जाळायची, माणसं धरायची, किनाऱ्यावर नेऊन विकायची. ब्रिटिश आरमाराने समुद्रात अडवलेल्या गलबतांवरून सुटलेली बरीच मुलं मुंबईत उतरली आणि त्यांतली काही इथे आली.

मिशनने त्यांना जेवूखाऊ घातलं, लिहायला-वाचायला शिकवलं, सुतारकी-लोहारकीही शिकवली. मला या शेवटच्या गोष्टीचं मोल फार वाटतं. घरदार जळालेल्या पोराला ताटाइतकीच हातात रंधा असण्याची गरज असते. बाप्तिस्म्यानंतर मात्र त्यांना इंग्रजी नावं मिळाली, आणि ते मला खुपतं. मॅथ्यू वेलिंग्टन हा मूळचा चेंग्विंबे. त्याचं नाव निदान नोंदलं गेलं. अनेकांचं तेवढंही नाही.

याच शाळेतला जेकब वेनराइट हा पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा मुलगा. पुढे तो मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या आफ्रिकेतल्या मोहिमेत होता. १८७३च्या मे महिन्यात डॉ. लिव्हिंग्स्टन तिथेच वारले, तेव्हा जेकबने तिथल्या झाडाच्या खोडावर त्यांचं नाव कोरलं. मग सोबत्यांनी देह खांद्यावरून महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणला. चेंग्विंबेही त्यांच्यात होता. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत नाशकात शिकलेला जेकब होता!

पुढे १८७५ मध्ये प्राइस यांनी आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ही वसाहत उभारली, सुटका झालेल्या गुलामांसाठीच. नाशिकची मुलं तिथे गेली, ती आता आसरा मागायला नव्हे. नव्याने सुटून येणाऱ्यांना शिकवायला, त्यांची घरं बांधायला माणसं हवी होती.

जुन्या चर्चजवळून रस्ताभर पायी हिंडले. या मुलांबद्दल एक ओळसुद्धा मला कुठे दिसली नाही. नाशिककरांनी इथे मराठीत एक फलक लावावा, आणि जेकबच्या शेजारी चेंग्विंबे हे नाव ठळक लिहावं.