तुम्ही विचारलंत म्हणून: मिझोराममध्ये शांतता टिकली कशी?

ईशान्य भारतावर कुठेही बोलायला गेलो, की शेवटी कुणीतरी उभे राहून हा प्रश्न हमखास विचारते: ज्यांच्या शहरावर स्वतःच्याच देशाच्या विमानांनी बॉम्ब टाकले, ते मिझो वीस वर्षांत शांत कसे झाले, आणि ईशान्येतल्याच नागालँडला ते का साधले नाही? विचारणाऱ्याला बहुधा एखादी युक्ती ऐकायची असते. तशी युक्ती काही नव्हती. माझे मत असे, की करारावर सही होण्याइतकेच किंबहुना त्याहून अधिक महत्त्व सहीच्या आधी आणि नंतर कुणी कोणती खुर्ची सोडली, याला आहे.

सुरुवात मात्र बांबूपासून करावी लागते. तिथल्या डोंगरांतला एक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलतो, त्याचे बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, आणि बी संपले की ते भाताच्या शेतांत व कोठारांत शिरतात. या दुष्काळाला मिझो लोक मौताम म्हणतात. तेव्हा हा भाग आसामचा एक जिल्हा होता. संकट येणार हे ओळखून तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदेने १९५८ मध्ये १५ लाख रुपये मागितले. आसाम सरकारने डोंगरी लोकांची जुनी समजूत म्हणून ती मागणी बाजूला सारली. १९५९ मध्ये दुष्काळ आला. त्याच सुमारास आसामी ही राज्याची राजभाषा झाली आणि दुखावलेल्या मनांवर मीठ चोळले गेले. लष्करात हवालदार राहिलेल्या आणि पुढे परिषदेत कारकुनी केलेल्या लालडेंगांनी दुष्काळनिवारणासाठी काढलेली संघटना १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली, आणि १ मार्च १९६६ रोजी तिने स्वातंत्र्य जाहीर केले.

चारच दिवसांनी ऐझॉलवर हवाई हल्ले झाले. श्रोत्यांना बॉम्बची गोष्ट ठाऊक असते. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या गावे हलवण्याच्या मोहिमेविषयी क्वचितच कुणी विचारते, आणि माझ्या मते खोल जखम ती होती. बंडखोरांना धान्य आणि आसरा मिळू नये म्हणून शेकडो गावे उठवून लोकांना रस्त्यालगतच्या वसाहतींत पहाऱ्याखाली ठेवण्यात आले, मागे राहिलेली घरे जाळण्यात आली, आणि डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर जगणाऱ्या समाजाची शेतीच मोडली. हे कुणी विसरलेले नाही. शांतता म्हणजे विस्मरण, असे मानणाऱ्यांनी ऐझॉलला जाऊन एखाद्या वृद्ध माणसाशी बोलावे.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तान संपले आणि बंडखोरांचे तिथले तळ गेले. १९७२ मध्ये मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. १९७६ चा समझोता फसला. दोन्ही बाजूंच्या हिंसेत होरपळलेली माणसे मात्र चर्चमध्ये एकत्र बसत होती, आणि चर्चचे धुरीण बंडखोर व सरकार या दोघांनाही बोलणी सोडू नका म्हणून सतत टोचत होते. लालडेंगा लंडनहून दिल्लीत आले. इंदिरा गांधींशी त्यांची भेट ज्या दिवशी ठरली होती, तो दिवस ३१ ऑक्टोबर १९८४ होता, म्हणजे इंदिराजींच्या हत्येचाच दिवस. बोलणी पुन्हा लांबली. अखेर ३० जून १९८६ रोजी करार झाला. केंद्रातर्फे सही करणारे गृहसचिव राम प्रधान आपल्या महाराष्ट्राच्या सेवेतले, एके काळी यशवंतराव चव्हाणांचे सचिव, आणि तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. (हे सांगितले की सभागृहात हमखास कुजबुज होते, म्हणून मी ते सांगायला विसरत नाही.)

लालडेंगांनी स्वतंत्र देशाची मागणी सोडली. केंद्राने राज्याचा दर्जा दिला आणि मिझो रूढी, धर्माचार व जमिनीची मालकी यांबाबतचा संसदेचा कायदा विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होणार नाही, अशी तरतूद राज्यघटनेच्या कलम ३७१ जी मध्ये केली. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती लाल थनहावला यांची कृती: निवडून आलेल्या या काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यांनी पद सोडून लालडेंगांचे उपमुख्यमंत्री होणे पत्करले. पुढे लालडेंगा निवडणूकही जिंकले, १९८८ मध्ये त्यांचे आमदार फुटून सरकार पडले, नंतरच्या निवडणुकीत ते हरले, आणि तरीही कुणी पुन्हा जंगलात गेले नाही.

नागांच्या बाबतीत १९७५ च्या शिलाँग करारावर काहींनी सह्या केल्या आणि इतरांनी तो धुडकावून नवी संघटना काढली. सर्वांच्या वतीने शब्द देऊ शकेल असा एक माणूस तिथे उरला नव्हता. मिझोरामचेही सगळे गोड झाले नाही. १९९७ मध्ये मिझोराममधल्या ब्रू या अल्पसंख्य जमातीच्या हजारो कुटुंबांना त्रिपुरात आसरा घ्यावा लागला, आणि मिझो शांततेचे गोडवे गाताना तो भाग गाळणे मला पटत नाही.

२००७ च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला. या वेळी राज्याने आधीपासून तयारी केली होती, मारलेल्या उंदरांच्या शेपट्या मोजून पैसे दिले जात होते, आणि मुख्यमंत्री होते लालडेंगांचे भूमिगत काळातले सहकारी झोरामथंगा. पिके तरीही गेली. २००८ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ४० पैकी ३ जागा मिळाल्या, आणि लाल थनहावला पुन्हा मुख्यमंत्री झाले.