कुटुंब नियोजन केंद्राची गुणवत्ता तपासताना: माझा अनुभव

तपासणीला जाताना तीन प्रश्नावल्या लागतात. एक केंद्राच्या पाहणीची, दुसरी समुपदेशनाच्या निरीक्षणाची, तिसरी सेवा घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईच्या मुलाखतीची. तिन्हींची उत्तरं शेजारी ठेवली की खरं चित्र दिसतं. एकटीवर विसंबू नये.

पाहणी गर्दी सुरू व्हायच्या आत उरकावी. साठा नोंदवही पाहून थांबायचं नाही, कपाट उघडून खोकी मोजायची. नोंदवहीत तांबी (कॉपर-टी) असते, पण ती बसवायचा निर्जंतुक संच किंवा प्रशिक्षित परिचारिका नसते. मग ते साधन मी ‘उपलब्ध’ धरत नाही. ऑटोक्लेव्हबद्दल (वाफेवर उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र) विचारलं की सगळे बिनचूक सांगतात: १२१ अंश, गुंडाळलेल्या उपकरणांना ३० मिनिटं. म्हणून यंत्र लावताना समोर उभं राहावं. सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बदलतात का, तेही बघावं.

निरीक्षणासाठी समुपदेशन करणारी आणि सेवा घ्यायला आलेली बाई, दोघींची संमती घेऊन कोपऱ्यात गप्प बसायचं. आपण बसलोय म्हटल्यावर सुरुवातीला सगळेच नीट वागतात, त्यामुळे एकदोन भेटींवरून मत बनवू नये. तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन देताना मी हे बघते: टोचलेली जागा चोळली का (चोळू नये), तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली का, चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी या, असं सांगितलं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाळीत होणारे बदल आधी सांगितले का. ते न सांगितल्यामुळे घाबरून साधन सोडणाऱ्या बऱ्याच असतात.

मुलाखतीत ‘समाधानी आहात का?’ विचारणं फुकट. भिडेपोटी जवळजवळ सगळ्या हो म्हणतात. काय घडलं ते विचारायचं: दुसऱ्या साधनांबद्दल सांगितलं? त्रास काय होऊ शकतो ते? झाला तर काय करायचं ते? तिन्हींना हो असेल तरच गुण. कोणतं साधन हवं म्हणून आलात आणि कोणतं मिळालं, हेही विचारावं. वैद्यकीय कारण नसताना फरक पडला असेल तर खोलात जावं. मुलाखत केंद्राच्या दारापासून लांब, आणि कर्मचाऱ्यांपैकी कुणी ती घेऊ नये.

कधी निरीक्षणात ‘सांगितलं’ अशी नोंद असते आणि बाई ‘नाही सांगितलं’ म्हणते. तिला खोटं ठरवू नये. बहुतेक वेळा ते तपासणीच्या टेबलावर झोपलेली असताना घाईत सांगितलेलं असतं.

परत पाठवलेल्या बायका मात्र या तिन्हींत येतच नाहीत. ‘पाळी आल्यावर या’ हे नेहमीचं उत्तर. खरं तर गर्भ नसल्याची पुरेशी खात्री करायला सहा प्रश्नांची यादी आहे. एकाला जरी हो आलं आणि गर्भाची लक्षणं नसली, तर बहुतेक साधनं त्याच दिवशी देता येतात. ही यादी समुपदेशनाच्या टेबलावर आहे का बघा, आणि थोडा वेळ फाटकाशीही थांबा.