आमची वाटचाल : पाटीपासून पाकिटापर्यंत

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातला आमचा सुक्या मासळीचा उद्योग सासूबाईंच्या पाटीतून उभा राहिला, हे आधीच सांगितलेले बरे, कारण सरकारी कागदांवर त्यांचे नाव कुठेच सापडणार नाही. होडी आणि जाळी सासऱ्यांच्या नावावर होती. आलेले म्हावरे निवडणे, खारवणे, वाळवणे, दारोदार विकणे आणि उधारी वसूल करणे ही कामे मात्र सासूबाईंची होती. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली, पुढे शहर वाढत गेले, खाडीत भराव आणि सांडपाणी आले, तसे खाडीतल्या निवटी मासळीवर आणि चिंबोऱ्यांवर (खेकड्यांवर) घर चालेनासे झाले. मग त्या पहाटेच भाऊच्या धक्क्यावर लिलावाला जाऊ लागल्या. तिथे रोख मोजावी लागे, म्हणून तीन-चार जणी पैसे एकत्र करून माल घेत आणि तिथेच वाटून घेत.

मी सुक्या मासळीची पाकिटे करायचे ठरवले, तेव्हा पहिली अडचण वजनाची आली. बाजारात आमच्या बायका वाट्यावर विकतात, गिऱ्हाईक पाहून मूठभर वर टाकतात. पाकिटावर मात्र ग्रॅम छापावे लागतात. पाच किलो ओला जवळा वाळून जेमतेम किलोभर उरतो, आणि सोड्यांसाठी तर एकेक कोळंबी सोलून पाठीतला काळा दोरा काढावा लागतो. ही मजुरी आजवर कुणी किमतीत धरलीच नव्हती, आम्हीसुद्धा नाही.

किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ मध्ये मत्स्यव्यवसायाला लागू झाल्याचे ऐकून मी अर्ज केला, तर बँकेने नौकेचे कागद मागितले. माझ्याकडे नौका नव्हती आणि सासूबाईंचा चाळीस वर्षांचा हिशोब तोंडी होता (तो चुकलेला मला तरी आठवत नाही). शेवटी बचत गटाच्या कर्जावर सुरुवात केली. गेल्या वर्षी एप्रिलात अवकाळी पावसाने जाळीवरचा बोंबील भिजला आणि तो सगळा फेकावा लागला.

आज आमच्याकडे सहा जणी काम करतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, म्हणून लोक आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी मे महिन्यातच उरकतात आणि आमची निम्मी विक्री त्याच महिन्यात होते. यंदाची मागणी मार्चअखेरच नोंदवून झाली आहे. वाळवणीवर छप्पर घालायचे काम अजून बाकी आहे.