वाल्ह्याचं पाणी

माऊलींच्या पालखीबरोबर जेजुरीतून निघाले तेव्हाच उजव्या टाचेचा फोड चप्पल टेकू देत नव्हता. दिवेघाटात आलेला. सासवडचे दोन मुक्काम हळद-तेल लावण्यात गेले, आणि जेजुरीचा गड यंदा पायथ्यावरूनच पाहिला. कपाळावर भंडारा, टाचेला चिंधी, मुखात हरिपाठ, अशी दौंडजची खिंड गाठली. तिथं वाल्हेकर न्याहारी घेऊन थांबलेले होते. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. खाताना पाय विसरले, उठले आणि पुन्हा आठवले.

वाल्हे आलं ते भर दुपारी. हा टप्पा लहान, म्हणून इथली समाज आरतीही दुपारीच होते. चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढ्या मोठ्या तळावरचे टाळ-मृदंग एकदम थांबले. त्या शांततेत माझ्या डोळ्यांना धार लागली. टाच ठणकत होती म्हणून, की माऊली समोर होती म्हणून, ते मला तेव्हाही उमगलं नाही.

पुढच्या अर्ध्या तासात मी भांडले. टँकरपाशी बादलीवरून. दिंडीतल्या एका वयस्कर बाईंना नको ते बोलले, त्याही बोलल्या. माळ गळ्यात असताना तोंडून असं निघावं याचा संताप आला आणि मी तळ सोडून गावातल्या एका बोळात शिरले. एका घराच्या ओट्यावर टेकले.

आतून आजी आल्या. काही न विचारता खाली बसल्या. "बघू पाय." मी पाय मागं घेतला. त्यांच्या वयाच्या बाईनं माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! "आगं, माऊलीचा हाय त्यो. आन हिकडं."

त्यांनी चुलीवर पाणी तापवलं, परातीत ओतलं, मूठभर मीठ टाकलं. रांजणातलं गार पाणी घालताना तांब्या अर्धाच भरला. दाराशी पत्र्याचं पिंप होतं, ते रिकामं. वळवाचे दोन पाऊस झाले होते, मृगानं अजून तोंड दाखवलं नव्हतं. सुईत दोरा ओवून त्यांनी फोडातून आरपार काढला, टोकं कापली आणि दोरा आतच ठेवला, पाणी झिरपत राहावं म्हणून. मी ओरडले तेव्हा "विठ्ठल म्हण" एवढंच म्हणाल्या.

"कुठल्या गं तुमी?"

"माळशिरस तालुका. नीरा उजवा कालवा."

"मग पान्याच्या गावच्या."

आमच्याकडं असं कुणी म्हणत नाही. माझे आजोबा त्याच कालव्यावर पाटकरी होते. पाळी आली की रात्री कंदील घेऊन चारीवर जायचे. उसात गुडघाभर पाणी उभं असायचं आणि तरी लोक दार बंद करू द्यायचे नाहीत. त्या पाण्यानंच आमच्या शिवारातली कितीतरी जमीन चोपण झाली, वर मिठासारखा पांढरा थर आला.

वाल्हे आणि नीरा यांच्यात अंतर एका सकाळच्या चालीचं. पण पाट उतारानं जातो आणि वाल्हे चढावर आहे. 1876-77 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी वीरपाशी नीरा नदी अडवून 1885 मध्ये डावा कालवा सोडला, तो खालून बारामती-इंदापूरकडं निघून गेला. भोरजवळ भाटघरचं मोठं धरण 1928 मध्ये झालं, त्याच्या जोरावर उजवा कालवा फलटण-माळशिरसला आला. वाल्ह्याच्या माळाला यातलं काही चढलं नाही. सह्याद्रीच्या कुशीत कोसळणारा पाऊस इथं येईस्तोवर संपलेला असतो. म्हणून बाजरी, कांदा, विहिरीला पाणी असलंच तर अंजिराची चार झाडं. याच गावाला लोक वाल्या कोळ्याचं गाव म्हणतात, डोंगरावर त्याचे रांजण दाखवतात. लहानपणी कीर्तनात रांजणातले खडे ऐकताना मला पाप दिसायचं. त्या दुपारी आजींचा रांजण पाहिला आणि त्यात पाणी किती उरलंय तेच दिसत राहिलं.

"दोन्ही लेकी नीरंकडं दिल्या," आजी म्हणाल्या, "म्हटलं, पान्यात पडू देत. घागरी वाहून माझी मान गेली."

परातीतलं पाणी त्यांनी सांडलं नाही. उचलून परसातल्या अंजिराच्या बुडात ओतलं. मी पैसे काढले तर त्यांचा चेहरा इतका पडला की लगेच आत ठेवले आणि पाया पडले. त्यांनी उलट माझ्या पायावर हात ठेवून तो कपाळाला लावला.

निघताना म्हणाल्या, "उद्या माऊली नीरंत न्हाणार. माझ्या लेकी येत्यात तिथं. दिसल्या तर सांग, आईच्या घरी पाय धुतले."

नावं विचारायची राहूनच गेली.

तळावर येऊन त्या भांडलेल्या बाईंच्या पाया पडले. त्यांनी जवळ घेतलं, पण बादली काही दिली नाही.

सकाळी पिंपऱ्याच्या पुढं हवाच बदलली. ऊस, केळी, रस्त्याकडेच्या चारीला वाहतं पाणी. त्या पाण्याचा आवाज माझ्या ओळखीचा, तरी त्या दिवशी मी थांबून ऐकला. नीरेवर पादुका पाण्यात उतरल्या, "माऊली माऊली"चा गजर झाला. हेच पाणी पुढं नरसिंहपूरला भीमेत मिसळतं आणि माझ्या आधी पंढरपूरला पोचतं. मी ओंजळ भरली आणि डोक्यावर घेतली.

मग गर्दीतल्या बायकांचे चेहरे बघत निघाले. केळी वाटणाऱ्या एकीला विचारलं, "तुमचं माहेर वाल्हे का?" ती म्हणाली, "न्हाई ओ माऊली, माझं जेजुरीकडं." आणखी दोघींना विचारलं. चौथी हसली, "काय झालं, कुणाला शोधताय?"

तोवर दिंडी पुलावर चढली होती. पाडेगावच्या बाजूला साताऱ्याची माणसं स्वागताला उभी होती. चालता चालता मी तिला मोठ्यानं सांगितलं, "वाल्ह्याच्या एका आजींनी पाय धुतले माझे. त्यांच्या लेकी भेटल्या तर सांगा."

तिनं मान हलवली आणि माझ्या हातात दोन केळी ठेवली.