पहिलीत जाणाऱ्या मुलाला डबा उघडता येतो का?

मे महिना लागला की बालवाडी संपवलेल्या मुलांच्या घरी सुलेखनाच्या वह्या येतात. जूनमध्ये मूल अडतं ते डब्याच्या घट्ट झाकणाशी, चड्डीच्या हुकाशी आणि 'बाई, शूला जाऊ?' हे मोठ्याने विचारताना. बालवाडीत मदतनीस ताई असतात. पहिलीत नियमानेच तीस मुलांमागे एक शिक्षक, त्यामुळे हुक काढून द्यायला कुणी येत नाही.

म्हणून शाळेचा डबा आत्ताच वापरायला काढा. मांडी घालून, वीस मिनिटांत, कुणी न भरवता जेवण संपलं पाहिजे. चारी बाजूंनी खटके असलेले डबे लहान बोटांना उघडत नाहीत. स्टीलचा, साध्या झाकणाचा डबा आणि सुकी भाजी बरी. घरी कमोड असेल तर उकिडवं बसायची सवय लावा. शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत येत असेल, तर मूल शू टाळायला पाणी पीत नाही का, हे आधी विचारा. इलॅस्टिकची चड्डी घेतली की निम्मी अडचण मिटते.

लिहिण्याची घाई नको. बोटांत ताकद नसताना रेघी वही दिली की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, दाबून लिहितं, पान फाटतं आणि हात दुखतो. रोज दहा मिनिटं शेंगा सोलणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, कणकेच्या गोळ्या वळणं यांनी बोटं तयार होतात. शब्दातले आवाज कानाला वेगळे कळावेत म्हणून टाळ्यांचा खेळ, दर अक्षराला एक टाळी: क-म-ळ, तीन टाळ्या.

शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'सात चमचे आण' सांगून पाहा. पाच किंवा नऊ आले, तर ते पाठांतर आहे. ताटं मांडायचं काम त्यालाच द्या.

झोपेची वेळ शाळेच्या आदल्या रात्री बदलत नाही. तीन आठवडे आधीपासून दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं: 18 किलोच्या मुलाला 1.8 किलो, डबा-बाटलीसकट धरलेलं बरं.

आणि रेनकोट. आधी दप्तर पाठीला, त्यावरून रेनकोट, काढताना उलट. हे घरात कोरड्यात चार-पाच वेळा करून घ्या. ओला रेनकोट दप्तरात कोंबला की वह्या भिजतात, म्हणून बाहेरच्या कप्प्यात एक रिकामी प्लास्टिकची पिशवी ठेवा.